रागाचा रकाना

गाणं कोणतं चांगलं यावरून मामाचं आणि माझं सहसा बिनसत नाही. बिनसतं ते गाणं ठेवायचं कुठे आणि ऐकायचं कशावर, यावरून. मामा मिरजेत राहतो. सत्तरी ओलांडलेली, उभी नोकरी वीजखात्यात, आणि तरुणपणापासून उरसातलं, गणपतीतलं, घरगुती बैठकांतलं गाणं कॅसेटवर उतरवून घ्यायचा नाद. आज मात्र तो सगळं मोबाइलवर यूट्यूबवरून ऐकतो, नाहीतर स्वयंपाकघरात ठेवलेल्या, गाणी आधीच भरलेल्या मराठी कारवाँवर. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि माझं गाणं माझ्याच डिस्कवर, फाइलींमध्ये असतं. त्याच्या कॅसेटी संगणकावर उतरवायचं काम सध्या मी हाती घेतलं आहे. त्या निमित्ताने हा वाद दर खेपेला नव्याने पेटतो. दोघांच्याही पोटातून आलेलं त्यातलं बोलणं इथे मांडते आहे.

मामा : मी आयुष्यभर कॅसेटींची हमाली केली. बुरशी पुसली, गुंतलेली फीत पेन्सिल घालून गुंडाळली, पावसाळ्यात कपाटात बल्ब लावून ठेवला. आता नाव लिहिलं की बाई गायला लागतात. आणि तू, एवढी शिकलेली पोर, मला परत कपाटाकडे ढकलतेस. का?

मी : कपाटाकडे नाही ढकलत. तू उतरवून घेतलेलं गाणं कोणाचं, कुठलं, कधीचं, हे त्याच्याबरोबर राहावं एवढंच म्हणते. त्यासाठी मी फूबार २००० वापरते.

मामा : ते नाव तू दर वेळी घेतेस. आहे काय ते?

मी : गाणी वाजवायचा प्रोग्राम. पीटर पावलोव्स्की नावाच्या पोलंडच्या प्रोग्रामरने २००२ च्या डिसेंबरात पहिल्यांदा बाहेर काढला. त्याआधी तो विनॲम्प बनवणाऱ्या नलसॉफ्टसाठी काम करायचा. विनॲम्प तुझ्या पहिल्या संगणकावर होता बघ, हिरवे आकडे असलेला. फूबार फुकट आहे. जाहिरात नाही, खातं उघडा म्हणत नाही, तू काय ऐकतोस याची कोणाकडे चुगली करत नाही. मूळचा विंडोजचा. २०१६ पासून मोबाइलवरही आहे, पुढे मॅकवरही आला.

मामा : वीस वर्षांहून जुना आणि फुकट. मग तो जगाला माहीत का नाही?

मी : कारण पहिल्यांदा उघडलास तर तुला तो रिकामा वाटेल. चित्रं नाहीत, शिफारशी नाहीत, नुसत्या ओळी. कुठे काय दिसावं, यादी कशी लागावी, प्रत्येक ओळीत कोणती माहिती यावी, हे सगळं तू ठरवायचं. लागेल तसे सुटे भाग जोडता येतात, त्यांना कॉम्पोनंट म्हणतात, आणि त्यातले कितीतरी जगभरच्या वापरणाऱ्यांनीच लिहिलेत.

मामा : म्हणजे गाणं ऐकायच्या आधी सुतारकाम.

मी : हो, सुतारकाम आहे. मी नाकारत नाही. पण ते का करावं लागतं ते ऐक.

इथून पुढचं मी त्याला एका दमात सांगितलं नाही. तो मध्ये मध्ये अडवत होता. पण हा मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्या वादाचं मूळ आहे, म्हणून सलग लिहिते.

एमपी३ फाइलीत गाण्याची माहिती लिहायची पहिली पद्धत १९९६ च्या सुमारास निघाली. फाइलीच्या शेवटी १२८ बाइटांची जागा. त्यात शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, सालाला ४. गाण्याच्या प्रकाराला एकच बाइट, म्हणजे एक आकडा, आणि तो आकडा ८० प्रकारांच्या ठरलेल्या यादीतला. यादीत पहिलं नाव ब्लूज. ख्याल नाही, ठुमरी नाही, नाट्यगीत नाही, अभंग नाही, लावणी नाही. देवनागरीचा एकेक वर्ण, एकेक काना, एकेक वेलांटी आज युनिकोडमध्ये लिहिताना तीन बाइट खाते. म्हणजे तीस बाइटांत जेमतेम दहा. 'मल्लिकार्जुन मन्सूर' त्यात मावत नाहीत. पुढे ती जागा वाढली, लिपीची अडचण सुटली, पण चौकट तीच राहिली : कलाकार, अल्बम, गाणं. आज स्ट्रीमिंगच्या ॲपमध्ये जे तीन शब्द दिसतात ते त्याच चौकटीतून आलेले आहेत. तीन-चार मिनिटांचं गाणं, ते एका गटाने गायलेलं, अशी दहा-बारा गाणी मिळून एक तबकडी, या सवयीतून ती चौकट घडली. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या उरसात पहाटे गायलेल्या ललतला अल्बम कुठला? आणि कलाकार एकच का? तबला, पेटी, तंबोऱ्यावर बसून मागे सूर भरणारा शिष्य, हे कोणत्या खान्यात बसवायचे?

मामा : बसवायचे कशाला? ऐकलं की कळतं.

मी : तुला कळतं. तुझ्या नातवाला कळेल?

मामा : ऐकून ऐकून कळेल. मला कोणी रकान्यात लिहून दिलं नव्हतं.

मी : तुला तुझ्या शेजारी बसलेल्या लोकांनी सांगितलं. 'हा मारवा, पुरिया नव्हे, षड्ज कसा टाळतोय बघ.' कोणीतरी कानाशी लागून सांगितलं म्हणून तुला कळलं. आता मांडीला मांडी लावून कोण बसतंय? ती माहिती फाइलीबरोबरच जायला हवी.

माझी मांडणी त्याला मी पडद्यावर दाखवली. फूबारमध्ये तुम्ही हवे ते खाने स्वतः तयार करू शकता. मी राग, ताल, बंदिश, साथ, स्थळ, ध्वनिमुद्रण कोणाचं, असे केले आहेत. खान्याचं नाव रोमन लिपीत ठेवते, कारण मी गाणी ठेवते त्या फ्लॅक प्रकारच्या फाइलीचा तसा नियम आहे. आतला मजकूर मात्र देवनागरीत. पडद्याच्या वरच्या भागात तीन उभे स्तंभ : पहिल्यात राग, दुसऱ्यात गायक, तिसऱ्यात साल. 'जौनपुरी'वर टिचकी मारली की ज्यांनी ज्यांनी जौनपुरी गायला ती नावं शेजारी उभी राहतात. नाट्यसंगीताची मांडणी वेगळी : नाटक, पद, संगीत कोणाचं, गाणारा कोण. 'मानापमान' १९११ चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्यातलं एकच पद चार पिढ्यांनी गायलं, आणि ते चार आवाज एकाखाली एक ऐकले की नाट्यपद कुठून कुठे गेलं ते कानाला समजतं. कोणत्याही ॲपने मला हे असं मांडून दिलेलं नाही. 'गीतरामायणा'चंही तेच. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये ती ५६ गीतं आठवड्याला एक अशी गेली, तेव्हा गाणारे वेगवेगळे होते. पुढे सगळी बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, स्वतःच्या आवाजात गायली. गीताचं नाव एक, गाणं दोन. कोणत्या प्रसंगाला कोणाचा आवाज होता हे ज्याला पाहायचं आहे, त्याला 'कलाकार : सुधीर फडके' एवढ्याने भागत नाही.

मामा बराच वेळ स्तंभ वरखाली करत राहिला. मग त्याने जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

मामा : यात मी न मागितलेलं काय येईल?

मी : म्हणजे?

मामा : परवा रात्री झोप लागत नव्हती. कुठलातरी केदार लावला होता. तो संपला आणि आपोआप दुसरं काहीतरी सुरू झालं. एक बाई, मी जन्मात नाव ऐकलेलं नाही, कर्नाटकातल्या कुठल्याशा गावच्या मैफलीत नंद गात होत्या. काय गात होत्या म्हणून सांगू! उठून बसलो. तुझ्या ह्या स्तंभात तू भरलंस तेवढंच बाहेर येणार. जे तुला माहीत नाही ते कधीच येणार नाही. गाणं असं स्वतःहून दारात यावं लागतं गं. मी कॅसेटी केल्या त्याही अशाच. कोण गाणार हे ठाऊक नसताना जाऊन बसायचो.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. माझा संग्रह माझ्या कानाएवढाच मोठा आहे. फूबार यादी उलटीसुलटी पिसून देईल, पण बाहेरचं आणून देणार नाही. मामाचं हे म्हणणं खरं आहे आणि ते कमी महत्त्वाचं नाही. गाण्यात नवखा असलेल्या माणसाने आधी माझ्यासारखं न करता मामासारखं ऐकावं असंच मी म्हणेन.

पण लगेच दुसरा प्रश्न येतो.

मी : त्या नंद गाणाऱ्या बाईंचं नाव काय?

मामा : लिहिलेलं होतं काहीतरी. अर्धं नाव.

मी : साल? साथ?

मामा : नव्हतं.

मी : आणि ते उद्या तिथे असेल?

मामा : का नसेल?

मी : गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झालं. लोकांनी तिथे आपली हजारो गाणी चढवून ठेवली होती. ती दुसरीकडे हलवून घ्यायला मुदत दिली, ज्यांनी हलवली त्यांची वाचली. एअरटेलचं विंक २०२४ मध्ये बंद झालं. झी म्युझिकची गाणी २०२३ च्या मार्चमध्ये स्पॉटिफायवरून गेली, कारण कराराची बोलणी फिसकटली. पुढे परत आली, पण मधल्या काळात ज्याने पैसे भरले होते त्याच्याही यादीत ती गाणी वाजत नव्हती. तुझी बाई कोणाच्या तरी खात्यावर आहे. ते खातं बंद पडलं, किंवा कोणी हक्क सांगितला, की संपलं.

मामा : आणि तुझी डिस्क? ती अमरपट्टा घेऊन आली आहे? कॅसेट भिजली तरी निम्मी वाजायची. तुमची डिस्क गेली की एका क्षणात सगळं जातं.

मी : म्हणून तीन ठिकाणी ठेवते, त्यातली एक तुझ्या घरी.

मामा : आणि हा तुझा पीटर? एकट्या माणसाचं काम. त्याने उद्या दुकान बंद केलं तर?

हा प्रश्न त्याने वीजखात्यातल्या माणसाच्या सवयीने विचारला असावा : एका तारेवर सगळं गाव कशाला ठेवायचं? प्रश्न रास्त आहे. फूबार फुकट असला तरी त्याचा मूळ कोड उघडा नाही. कॉम्पोनंट लिहिणाऱ्यांसाठी लागणारं साहित्य खुलं आहे, पण प्लेअरचं आतलं यंत्र दुसऱ्या कोणाला उघडून पुढे चालवता येणार नाही. ज्यांना ही गोष्ट खटकते त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, आणि पावलोव्स्कीने ते कधीतरी खुलं करावं असं मला मनापासून वाटतं. तरी मी त्यावर विसंबते, कारण मी लिहिलेली माहिती प्लेअरमध्ये नसून फाइलीत आहे. राग, ताल, साथ हे सगळं फ्लॅक फाइलीच्याच पोटात लिहिलं जातं, आणि फ्लॅक हा २००१ पासूनचा खुला प्रकार आहे, कोणालाही वाचता येतो. फूबार उद्या नाहीसा झाला तर माझे स्तंभ जातील, किती वेळा काय ऐकलं त्याची नोंद जाईल. 'पेटी अमक्याची' हे जाणार नाही.

मामा : फ्लॅक फ्लॅक करतेस. माझ्या कॅसेटीला एवढा मान? त्यात निम्मी खरखर आहे. तुला खरंच फरक ऐकू येतो?

मी : नाही येत.

मामा : मग?

मी : फूबारला एबीएक्स नावाचा एक कॉम्पोनंट जोडता येतो. एक फाइल अ, दुसरी ब. मग तो गुपचूप त्यातली एक निवडून क्ष म्हणून ऐकवतो, आपण सांगायचं, क्ष म्हणजे अ की ब. सोळा वेळा विचारलं आणि त्यातली बारा किंवा जास्त उत्तरं बरोबर आली, तर नुसत्या अंदाजाने असं घडायची शक्यता शंभरात चारहून कमी. तेव्हा म्हणायचं, याला फरक कळतो. तुझी कॅसेट फ्लॅकमध्ये आणि चांगल्या एमपी३मध्ये लावली तर मला ओळखता येत नाही.

मामा : हे तू कबूल करतेस, आणि तरी फ्लॅक.

मी : कारण ऐकणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. एमपी३ करताना कानाला कळणार नाही असं काहीतरी टाकून देतात. ते एकदा टाकलं तर हरकत नाही. पण यूट्यूबवर चढवलं की पुन्हा दाबलं जातं. कोणीतरी ते उतरवून घेतो, कापतो, परत चढवतो, पुन्हा दाबलं जातं. अशी पाचव्या हाताची ललत तू ऐकली असशील, तंबोरा पाण्याखाली वाजतोय असं वाटतं. फ्लॅकमध्ये काही टाकलं जात नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट कच्च्या स्वरूपात साडेनऊशे एमबीच्या घरात जाते, फ्लॅकमध्ये साधारण निम्मी. एवढी जागा आज परवडते.

आवाजाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी मी त्याला दाखवल्या. एक, रिप्लेगेन : ७८च्या तबकडीवरचा तीन मिनिटांचा भैरवीचा तुकडा कानठळ्या बसवतो आणि त्यानंतरची मैफल ऐकूच येत नाही, ही तफावत प्लेअर स्वतः मोजून समान करतो, फाइलीतला आवाज न बदलता. दुसरी, जोड. सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असतात, पण तबल्याचा ठेका तर अखंड चाललेला असतो. एमपी३ ध्वनीचे तुकडे करते, एकेक तुकडा ११५२ नमुन्यांचा, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांचा. गाणं त्या मापात नेमकं संपत नाही म्हणून पुढे-मागे शांतता भरली जाते. ती किती भरली याची नोंद चांगला एन्कोडर फाइलीत करून ठेवतो. फूबार ती वाचून तेवढी शांतता कापतो. जो प्लेअर वाचत नाही त्याच्यावर नेमक्या लय बदलण्याच्या जागी खाच पडते. मामाने दोन्ही ऐकलं, मान डोलावली. या बाबतीत त्याने वाद घातला नाही.

वाद चिघळला तो एका उरसाच्या कॅसेटवरून.

गायिका मोठ्या, आता हयात नाहीत. कॅसेट मामाच्या एका मित्राच्या डेकवर उतरवलेली. मी ती माझ्याकडे लावली, संगणकावर घेतली, तोडी म्हणून नोंद केली आणि मामाला ऐकवली. दहा सेकंदांत त्याने हात वर केला.

मामा : बंद कर. ह्या पांढरी पाचला गायच्याच नाहीत. यांची काळी चार.

मी : वय झालं असेल तेव्हा. उतरल्या असतील.

मामा : आवाज बघ. तान जड झाली आहे, 'आ'कार पोकळ येतोय. माणूस खाली आला तर आवाज असा होत नाही, यंत्र खाली आलं तर होतो. पेटीही बघ कशी घशात बोलते आहे.

काळी चार आणि पांढरी पाच या पेटीच्या पट्ट्यांत अर्ध्या स्वराचं, म्हणजे वेगाच्या हिशेबात सुमारे सहा टक्क्यांचं अंतर. उतरवताना त्या मित्राचा डेक तेवढा जोरात पळत असेल, तर आज बरोबर वेगाच्या डेकवर ती कॅसेट तेवढीच हळू वाजणार. मी ऑडॅसिटी या ध्वनी तपासायच्या प्रोग्राममध्ये बघितलं. गाण्याच्या मागे विजेची गुणगुण होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, गुणगुण ४६ च्या जवळ दिसत होती. मी खूश होऊन मामाला म्हटलं, नऊ टक्के चढवते, म्हणजे ५० होईल.

मामा : अजिबात नाही. ५० कोणी सांगितलं तुला? त्या वर्षांत भार वाढला की वारंवारता खाली यायची. ४९, कधी ४८ सुद्धा. घड्याळं मागे पडायची. तुझ्या गुणगुणीवर सूर लावशील तर बाईंना काळी चारच्याही वर नेशील. पेटी काळी चारला आण आणि थांब.

पेटी आणली. सहा टक्के. गुणगुण ४९ च्या जराशी खाली आली. आणि आवाज मोकळा झाला. मामाने डोळे मिटले नाहीत, काही नाही, नुसतं म्हणाला, "ह्या त्या."

आता गंमत पुढे. म्हणजे गंमत नव्हे, मला त्याने फार अस्वस्थ केलं. हीच मैफल यूट्यूबवर आहे. पांढरी पाचला. कोणीतरी प्रेमाने चढवलेली, खूप जणांनी ऐकलेली, खाली लोकांनी हात जोडलेले. त्यांच्या गायकीचा अभ्यास करणारी मुलं ती ऐकून तो जड, पोकळ आवाज ही बाईंची उतारवयातली शैली समजत असणार.

मी : बघितलंस? नावनिशाणी नसलं की असं होतं.

मामा : मग चढव तू. बरोबर सुरात, सगळी माहिती घालून. तुझ्या डिस्कवर काळी चार आहे आणि जगात पांढरी पाच फिरते आहे. दोष कोणाचा? चढवणाऱ्याने निदान चढवली.

मी : मामा—

मामा : नाही, ऐक. मला आमच्या वेळचे संग्राहक माहीत आहेत. दारं लावून ऐकायचे. एखादी बंदिश मागितली तर चहा पाजून वाटेला लावायचे. ते मेले, मुलांनी कॅसेटी रद्दीत घातल्या. त्यांच्याकडे रजिस्टरं होती, तुझ्यासारखीच. राग, ताल, तारीख, सुरेख अक्षरात. काय झालं त्या रजिस्टरांचं? तू फार सुंदर रजिस्टर करते आहेस, एवढंच.

हे बोलणं मला लागलं. अजून लागतं. माझी बाजू अशी : चढवायची तर कोणाच्या परवानगीने? आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं आणि गाणाऱ्याचा स्वतःच्या गायनावरचा हक्क पन्नास वर्षं राहतो. ती मैफल तेवढी जुनी नाही. बाईंच्या घरच्यांना न विचारता मी ती बाहेर सोडणार नाही. पण मामाने माझ्या न विचारण्यावर बोट ठेवलं होतं. मी घरच्यांना विचारलेलंच नव्हतं. डिस्कवर नीट लावून ठेवली आणि त्यातच समाधान मानलं.

फाइल दुरुस्त करायची की नाही, यावर मात्र मी मागे हटले नाही. मामाचं म्हणणं, सहा टक्के चढवून नवी फाइल कर आणि जुनी पुसून टाक. मी म्हटलं, जुनी राहणार. फूबारमध्ये वेग आणि सूर वाजवताना बदलणारा कॉम्पोनंट आहे. मी सहा टक्क्यांची मांडणी तयार करून ठेवली, ती निवडली की बाई काळी चारला गातात, फाइलीतला आवाज होता तसा राहतो. शेऱ्याच्या खान्यात लिहिलं : 'सहा टक्के हळू. पेटीच्या सुरावरून ठरवलं. गुणगुण ४६ हर्ट्झ, पण त्या काळची वारंवारता स्थिर नव्हती.' उद्या कोणाला त्याच मैफलीची दुसरी, चांगल्या डेकवरची कॅसेट मिळाली, तर त्याने आमचे सहा टक्के तपासून बघावेत. आम्ही मूळ बदलून ठेवलं तर त्याच्या हाती आमचा निकाल लागेल, पुरावा लागणार नाही.

मामा : म्हणजे माझ्या कानावर तुझा विश्वास नाही.

मी : तुझ्या कानावर आहे म्हणून तर सहा लिहिले, नऊ नाही.

मग मोबाइलचा विषय निघाला, कारण शेवटी तो ऐकणार मोबाइलवरच. मोबाइलवरचा फूबार संगणकावरच्या मानाने बराच साधा आहे. संगणकासारखे सुटे कॉम्पोनंट त्याला जोडता येत नाहीत. त्यामुळे तिथे ऐकायला मी सहा टक्के चढवलेली वेगळी प्रत करून दिली, नावातच 'सूर दुरुस्त' असं लिहून. घरातल्या वायफायवरून संगणकातला संग्रह मोबाइलमध्ये दिसतो, हे त्याला आवडलं. अंथरुणात पडल्या पडल्या तोडी लावता आली.

मामा : पण हे संपल्यावर पुढे काय सुरू होणार?

मी : तू ठरवशील ते.

मामा : ते नको. रात्री मी यूट्यूबच लावणार. सकाळी तुझं हे.

एवढ्यावर आमचं त्या दिवशी जमलं, आणि आम्ही साथीच्या खान्याकडे वळलो. तबल्यावर कोण हे मामाने डग्ग्याच्या घिश्श्यावरून लगेच सांगितलं. मी लिहिलं. पेटीशी येऊन तो अडला. पुन्हा ऐकलं. मधल्या जागा भरायची पद्धत एकासारखी, भात्याचा दाब दुसऱ्यासारखा. दोन नावं त्याने घेतली आणि दोन्ही मागे घेतली.

मी : मग रिकामं ठेवू?

मामा : रिकामं नको. रिकामं ठेवलंस तर वाटेल पेटीवाला कोणी नव्हताच. प्रश्नचिन्ह टाक. सांगलीला एक जण आहे, त्या उरसाला स्टेजमागे तंबोरे लावत होता. त्याला उद्या फोन करतो. त्याला ऐकवायला मला ती सुरातली प्रत लागेल.

मी : ऐकवायला दे. चढवायला नाही. बाईंच्या मुलीला विचारल्याशिवाय नाही.

मामा : नंबर आहे तिचा?

मी : शोधते.

मामा : शोध. आणि फोन तू करायचास. काय काय लिहून ठेवलं आहेस तेही सांग तिला. पेटीवर कोण होतं ते तिलाच ठाऊक असेल.